अधिक महिना कोणाकडे?

एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणारी माणसे बहुधा विभक्त राहतात, आणि त्याच्या नावाने बोटे मोडणारी माणसे बहुधा एकत्र राहतात, असा आमचा अनुभव आहे. आम्ही स्वतः कित्येक वर्षे पहिल्या वर्गात मोडत होतो. वाईच्या आमच्या जुन्या घरात मातोश्री, सौ. आणि आम्ही अशी तीनच माणसे. धाकटे बंधू सहकुटुंब पुण्यास, आणि भगिनी सहकुटुंब बंगळूरास. दिवाळीस सारी मंडळी तीन दिवस जमत, आणि चौथ्या दिवशी चिवड्याचे डबे व डोळ्यांतील पाणी घेऊन आपापल्या गावी परतत. तीन दिवसांत कोणाचे दोष दिसत नाहीत. दिसले तरी ते बोलून दाखवण्याइतकी सवड मिळत नाही. त्यामुळे 'आमच्यासारखा एकोपा शोधून सापडायचा नाही,' असे गणपतीच्या घाटावर फिरावयास येणाऱ्या स्नेह्यांस आम्ही खुशाल सांगत असू. आमचा हा भ्रम शके १९४२ ने, म्हणजे २०२० सालच्या पाडव्यास सुरू झालेल्या वर्षाने, दूर केला. आणि भ्रम गेल्यावर हाती जे उरले, ते भ्रमापेक्षा बरे निघाले. त्याची ही हकीकत.

प्रारंभी एक खुलासा. लेखकाने स्वतःस 'आम्ही' म्हणावे अशी जुनी चाल आहे, आणि आम्ही ती आजवर निव्वळ ऐटीसाठी पाळत आलो. त्या वर्षी मात्र 'मी' हा शब्द उच्चारण्याची सोयच उरली नाही. स्नानगृहातून कोणी 'मी आहे' म्हटले, तर दाराबाहेरून 'आम्हीही आहोत' असे तीन आवाज एकदम उठत. सबब पुढील मजकुरात 'आम्ही' हे कोठे एकवचनी आणि कोठे अनेकवचनी आहे, ते वाचकांनी ज्याचे त्याने ओळखावे. पुष्कळ ठिकाणी आम्हांसही ते सांगता यावयाचे नाही.

मंडळी जमली होती ती मातोश्रींच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. त्या हिशेबाने हजार पौर्णिमांस ऐंशी वर्षे आणि वर सुमारे दहा महिने लागतात. मातोश्रींचा जन्म १९३९ सालचा; म्हणून रविवार, २९ मार्च २०२० हा दिवस मुक्रर केला होता. कार्यालय ठरले, दीडशे निमंत्रणे गेली, आणि सौ.ने आठ दिवस खपून बेसनाचे चारशे लाडू वळले. बंधू, भावजय व पुतण्या पुण्याहून, आणि भगिनी, मेहुणे व सात वर्षांची भाची बंगळूराहून २१ तारखेस येऊन दाखल झाली. २२ तारखेस जनता कर्फ्यू झाला. सायंकाळी पाच वाजता सर्वांनी ओटीवर उभे राहून थाळ्या वाजवल्या. त्यांत मातोश्रींच्या माहेरच्या पितळी थाळीस पोचा आला. तो कोणी पाडला, याचा निकाल अद्याप लागलेला नाही. २४ तारखेस रात्री आठ वाजता देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली, आणि दुसऱ्या दिवशी पाडवा उजाडला. कार्यालय राहिले, पाहुणे राहिले, भटजीही राहिले. उरली नऊ माणसे आणि चारशे लाडू.

पाडव्यास गुढी उभारून आम्ही रिवाजाप्रमाणे पंचांग वाचले. संवत्सराचे नाव शार्वरी निघाले. शर्वरी म्हणजे रात्र, हा अर्थ आम्ही मोठ्या हौसेने सांगितला, आणि सर्वांचे चेहरे त्या नावास साजेसे झाले. मातोश्रींनी मात्र कडुनिंबाचे पान शांतपणे चावीत विचारले, "यंदा अधिक कोणता आहे रे?"

"आश्विन," आम्ही म्हटले.

"म्हणजे तेरा महिन्यांचं वर्ष. लाडू पुरवून खा."

हा तेरावा महिना पुढे आम्हां दोघां भावांच्या चांगलाच अंगाशी येणार होता, याची तेव्हा कोणास कल्पना नव्हती.

कामाला येणाऱ्या बाईंस पगार चालू ठेवून घरीच राहावयास सांगितले होते. पहिले दोन दिवस सौ., भावजय आणि भगिनी या तिघींनी घर ओढले, आणि आम्ही पुरुषमंडळींनी देशाच्या परिस्थितीवर चर्चा केली. तिसऱ्या दिवशी दुपारचे चार वाजून गेले तरी चहा आला नाही. स्वयंपाकघरात डोकावून पाहतो, तो सौ. पाटावर बसून खिडकीबाहेर पाहत होती. रागावलेली सौ. आम्हांस परिचयाची आहे. नुसती बसलेली सौ. आम्ही ३२ वर्षांत पाहिली नव्हती. आम्ही घाबरून मातोश्रींकडे धाव घेतली.

"घाबरतोस काय?" त्या म्हणाल्या. "वाटणी करा."

तो शब्द कानी पडताच बंधूंनी आमच्याकडे आणि आम्ही बंधूंकडे पाहिले. मोरावळ्याच्या बरणीत हात घातलेल्या दोन मुलांनी आईची चाहूल लागताच एकमेकांकडे पाहावे, तसे ते पाहणे होते. कारण यथावकाश कळेल. मातोश्रींस कामांची वाटणी अभिप्रेत होती, हे ध्यानात येऊन आमचा जीव खाली पडला.

पुतण्या अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याने पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या कामांची क्रमवार यादी केली. ती ४१ कामांची भरली. इतकी कामे आपल्या घरात होतात, हे पाहून आम्ही सारे थक्क झालो. सौ.ने यादी हाती घेतली, पेन्सिल मागितली आणि मुकाट्याने आणखी बारा कामे लिहिली. "दूध तापवणं हे एक काम," ती म्हणाली, "आणि ते उतू जाऊ न देणं हे दुसरं. पहिलं कोणालाही येतं." एकूण ५३ झाली. नदी वाहते, वारा वाहतो, त्याचप्रमाणे घरही आपोआप चालते, अशी आमची तोपर्यंत प्रामाणिक समजूत होती. ते चालवावे लागते, आणि आमच्या घरी ते इतकी वर्षे एकच माणूस चालवीत होते, हे आकड्यांत मांडलेले पाहिल्यावर त्या संध्याकाळी आम्ही फारसे बोललो नाही.

भांडी बंधूंकडे गेली. ते एका मोठ्या कंपनीत अधिकारी. त्यांनी प्रथम सभा भरवली, प्रत्येकास एक ताट, एक वाटी आणि एक पेला नेमून दिला, आणि सर्वांवर रंगाने आकडे घातले. मागणी आवरल्याखेरीज भांडी आवरत नाहीत, हा त्यांचा सिद्धान्त. पाणी भरणे व बाजार पुतण्याकडे, पाने घेणे भाचीकडे, केर काढणे व ताक घुसळणे मेहुण्यांकडे. जावयाच्या हाती केरसुणी पाहणे जिवावर येऊन मातोश्री पहिले दोन दिवस डोळे मिटून जप करीत बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक डोळा उघडला आणि म्हटले, "जावईबुवा, त्या कोपऱ्यातला राहिला." आमच्याकडे धान्य निवडणे आले. वस्तुतः आमच्यासारख्या चष्मा लागलेल्या गृहस्थास हे काम देणे हाच एक विनोद होता; परंतु राहिलेला प्रत्येक खडा बंधूंच्याच घासात कसा जाई, याचे कोडे आम्हांस उलगडले नाही, आणि बंधूंस ते उलगडले आहे अशी त्यांची खात्री होती.

बंधूंची कचेरी आणि मेहुण्यांची कचेरी, दोन्ही आता आमच्या माडीवर भरत. संगणक डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून त्याखाली काहीतरी ठेवणे प्राप्त होते. वाईकराच्या घरी मराठी विश्वकोशाचे खंड असावयाचेच, कारण त्या कोशाचे संपादन याच गावी झाले. एका संगणकाखाली तीन खंड आणि दुसऱ्याखाली चार, अशी व्यवस्था लागली. आम्हांस एखादा संदर्भ पाहावयाचा असला, की दोन शहरांतील कामकाज खोळंबे. त्यातच २८ मार्चपासून दूरदर्शनने १९८७ सालचे 'रामायण' सकाळी नऊ आणि रात्री नऊ वाजता पुन्हा दाखवावयास घेतले. मातोश्रींस थोडे कमी ऐकू येते. त्यामुळे बंधू सकाळच्या बैठकीत मालाच्या तुटवड्याविषयी निवेदन करीत असता पुण्याच्या अधिकाऱ्यांस राक्षसांचे विकट हास्य स्पष्ट ऐकू जाई. बंधूंच्या म्हणण्याप्रमाणे, त्यामुळे निवेदनाचा परिणाम वाढे.

आता त्या यादीच्या कागदाविषयी. दुकाने बंद असल्याने कोरा कागद मिळेना. पुतण्याने वडिलांच्या बॅगेत हात घातला, तो एका बाजूने छापलेले आणि दुसऱ्या बाजूने कोरे असे चांगले लांबरुंद २७ कागद सापडले. त्यांतील एकाच्या पाठीवर यादी लिहून त्याने ती स्वयंपाकघराच्या दारावर एका खिळ्यास अडकवली. तिसऱ्या दिवशी वाऱ्याने कागद उलटला. बंधू त्या वेळी हाताला साबण लागलेला घेऊन समोरच बसले होते. त्यांनी वर पाहिले, आणि त्यांच्या हातून ताट क्रमांक चार निसटले. कागदाच्या शिरोभागी ठळक अक्षरांत लिहिले होते: 'वाटणीपत्र'.

घर वडिलार्जित. आमचे वडील १९९८ साली वारले. तेव्हापासून घर जसेच्या तसे पडून होते. छप्पर दर पावसाळ्यात नवी जागा शोधून गळे, आणि डागडुजीचा खर्च कोणी करावा, यावर दर दिवाळीस दोघे भाऊ अत्यंत सौजन्याने एकमेकांचे म्हणणे टाळीत. अखेर वकिलाकडून गुपचूप मसुदा करवून घेतला: घर विकावे, रक्कम दोघांत वाटावी, आणि भगिनीने हक्कसोडपत्रावर सही करावी. तीन प्रती, प्रत्येकी नऊ पाने. समारंभ आटोपला की मातोश्रींस सांगावे, असा बेत होता. कोणी सांगावे, हे मात्र ठरले नव्हते. ते काम वाऱ्याने केले.

बंधू मुलावर ओरडले. पोरगे रडकुंडीस आले. मातोश्रींनी जपमाळ खाली ठेवली. "कसला कागद आहे? वाचून दाखवा."

बंधूंनी ओले हात दाखवले. आम्ही चष्मा शोधू लागलो; तो आमच्या नाकावर होता. शेवटी भगिनीने कागद घेतला आणि खड्या आवाजात पहिल्या पानापासून वाचला. मातोश्रींची व्यवस्था सहाव्या कलमात होती: 'सदर मातोश्रींनी उभय पुत्रांकडे प्रत्येकी सहा महिने वास्तव्य करावे.' हक्कसोडपत्राचे पान आले तेव्हा भगिनीचा आवाज क्षणभर थांबला. त्यात तिने 'स्वखुशीने' काय काय केले होते, हे तिला प्रथमच कळत होते. तेही तिने शेवटपर्यंत वाचले, आणि कागद देवासमोर ठेवावा तसा मातोश्रींसमोर ठेवला.

मातोश्री बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी बोटांवर मोजले. "सहा नि सहा बारा," त्या म्हणाल्या. "आणि अधिक महिना? तो मी कोणाकडे काढायचा?"

या प्रश्नास वकिलाच्या मसुद्यात उत्तर नव्हते, आणि आमच्यापाशीही नव्हते.

"यंदाच आहे तो," त्या पुढे म्हणाल्या. "तेवढं आधी ठरवा, मग मला विचारा. आणि त्या पोराला रागावू नका. एक बाजू कोरी आहे, ती वाया घालवायची कशाला?"

त्यानंतर दोघां भावांत सहा दिवस अबोला होता. गुपित फुटले ते बंधूंच्या निष्काळजीपणाने, असे आमचे मत. मुळात विकण्याची कल्पना आमची, असे त्यांचे. यापूर्वीही आमचे खटके उडाले होते; परंतु विभक्त असताना भांडण म्हणजे केवळ दूरध्वनी न करणे होय. त्यास काही श्रम पडत नाहीत, आणि म्हणून ते वर्षानुवर्षे टिकते. एकत्र घरात भांडण चालवणे महाकठीण. ज्या भावाशी आपण बोलत नाही, त्याने घासलेल्या ताटात दोन वेळा जेवावे लागते. आणि जो आपल्याशी बोलत नाही, त्याच्यासाठी तांदूळ निवडावे लागतात. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवावयाचे होते. ओटीवर पणत्या लावून सारे उभे राहिलो. त्या अंधुक उजेडात शेजारून आवाज आला, "दादा, तुझ्या तांदळात फार खडे असतात."

"तुझ्या ताटांना साबण राहतो," आम्ही म्हटले.

एवढ्यावर समेट झाला. घराचा प्रश्न जागच्या जागी राहिला, पण दुसऱ्या दिवसापासून बंधू ताटे दोनदा विसळू लागले आणि आम्ही तांदूळ उजेडात नेऊन निवडू लागलो.

जावांचे प्रकरण याहून सूक्ष्म होते. भावजय नागपूरची. लग्नास २२ वर्षे झाली होती, तरी दोघी जावांनी एका चुलीवर सलग तीन दिवसांपेक्षा अधिक काळ स्वयंपाक केला नव्हता. पहिल्याच आठवड्यात भावजयीने "थोडा सांबार द्या" म्हणून हाक मारली, आणि सौ.ने तत्परतेने तुरीची डाळ भिजत घातली. विदर्भात कोथिंबिरीस सांबार म्हणतात, हे तिला ठाऊक नव्हते. यावर दोघीही हसल्या; पण त्या हसण्यात 'तुमच्याकडे असेच म्हणतात वाटते' हा सूर होता, आणि आमटीत गूळ घालावा की घालू नये, या प्रश्नावर तो जून अखेरपर्यंत टिकला.

जुलै महिन्यात भावजयीच्या मातोश्री नागपुरास त्या साथीतच गेल्या. वाईहून नागपूर सातशे किलोमीटरांहून दूर. जिल्ह्याच्या हद्दी ओलांडावयास परवाना हवा, आणि तो मिळून पोचेपर्यंत कोणी थांबणार नव्हते. इस्पितळातून परस्पर स्मशानात नेण्यात आले. भावजयीने आपल्या आईचे शेवटचे दर्शन हातातल्या मोबाईलवर घेतले. तेही लांबून, तीन-चार मिनिटे. त्या वर्षी अगणित घरांत हेच झाले, आणि आमच्या हकीकतीत हसण्यासारखे पुष्कळ असले तरी हे विसरून ती सांगता येणार नाही. ती माडीच्या जिन्यावर बसून राहिली. काय बोलावे, हे आम्हां पुरुषांपैकी एकासही सुचेना. सौ. तिच्याशेजारी जाऊन बसली, आणि रात्री उशिरापर्यंत दोघी तेथेच होत्या. चौथ्या दिवशी सकाळी सौ.ने कोथिंबिरीच्या दोन जुड्या तिच्यापुढे ठेवल्या आणि म्हटले, "तुझ्या आई पुडाची वडी करायच्या ना? मला शिकव. सगळं त्यांच्यासारखं." कृती दुसऱ्या एका वाटणीपत्राच्या पाठीवर लिहून घेतली गेली. आमच्या घरी कोथिंबिरीस आता सांबारच म्हणतात.

ऑगस्टमध्ये आणखी एक गंमत झाली. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तिचा हक्क जन्मतःच असल्याने त्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. दुसऱ्या दिवशी गोपाळकाला होता. सर्वांच्या हातावर काला पडत असता भगिनीने ती बातमी मोठ्याने वाचली, वर्तमानपत्राची नीट घडी केली, आणि "दादा, आणखी दही वाढू का?" असे विचारले. आम्ही बंधूंकडे पाहिले. आमचे वडील १९९८ साली वारले होते. आता वाटणीपत्रातील नऊ पानांपैकी निदान तीन पाने केवळ पाठीच्या मजकुरासाठीच उपयोगी राहिली होती. भगिनीने त्यानंतर त्या विषयाचा एका शब्दानेही उल्लेख केला नाही; आम्हांस मात्र ते दही आंबट लागले, आणि लागावयास हवेच होते.

१८ सप्टेंबरला अधिक आश्विन लागला. या महिन्यात जावयास तेहेतीस अनारशांचे वाण द्यावे, त्यास जेवावयास बोलवावे, अशी रीत. आता जो जावई सहा महिने घरातच जेवतो आहे, त्यास बोलवावे कोठून? मातोश्री ऐकेनात. त्यांच्या आज्ञेवरून मेहुणे, भगिनी आणि भाची नवे कपडे करून, तोंडास मुखपट्टी बांधून पुढच्या दाराने बाहेर पडली, घाटापर्यंत जाऊन आली, आणि दाराशी त्यांचे पाय धुऊन औक्षण झाले. "प्रवासात त्रास नाही ना झाला?" मातोश्रींनी गंभीरपणे विचारले. मेहुण्यांनीही तितक्याच गांभीर्याने "रस्ते मोकळे होते" असे सांगितले. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवण्यापूर्वी आम्ही दोनदा निवडले होते. जेवताना जावई पाहुणा. त्या दिवशी त्याने कामास हात लावावयाचा नाही, असे ठरले होते. परंतु चार वाजता केरसुणीचा आवाज आला. सवयीने उठून त्यांनी केर काढावयास सुरुवात केली होती.

कोजागिरी ३० ऑक्टोबरला आली. राहिलेले सहस्रचंद्रदर्शन त्या रात्री करावे, ही सूचना पुतण्याची. वेतची खुर्ची घालून आम्ही मातोश्रींस माडीपुढच्या गच्चीवर नेले. दूध बंधूंनी आटवले, आणि येथे नमूद करण्यास आनंद वाटतो की, यादीतील दुसरे कामही त्यांनी पार पाडले. भटजी नाहीत, पाहुणे नाहीत. आम्ही आठ जण त्यांच्याभोवती बसलो. मातोश्री चंद्राकडे पाहत राहिल्या.

"हजार झाले म्हणता," त्या म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात बावीस माणसं होती. पौर्णिमेला सत्यनारायण, मग पंगती, मग भांडी. चंद्र दिसायचा तो मोरीच्या खिडकीतून, हातात राख असताना. बसून पाहिलेला हाच पहिला."

कोणीच काही बोलले नाही. बंधू उठले आणि रिकामे पेले गोळा करू लागले. आम्हीही उठून त्यांस हात लावला. खाली उतरताना जिन्यात बंधू म्हणाले, "दादा, अधिक महिन्याचं ठरलं का आपलं?" आम्ही म्हटले, "तो इथंच. सगळ्यांनी." वाटणीपत्रातील एवढे एकच कलम दोघां भावांनी एकमताने ठरवले आहे.

संक्रांत आटोपल्यावर, जानेवारी २०२१ मध्ये, मंडळी परतली. निघण्याच्या आदल्या दिवशी बंधूंनी २७ ही कागद गोळा केले. एकही पाठ कोरी राहिली नव्हती. कामांच्या याद्या, वाण्याचे हिशेब, पत्त्यांच्या डावांचे गुण, भाचीचे पाढे, पुडाची वडी, मातोश्रींच्या बोटास रोज लावलेल्या यंत्रावरचे प्राणवायूचे आकडे, आणि कडेला सौ.च्या अक्षरात 'उद्या दूध जास्त'. "वकिलाकडून कोरी प्रत एका दिवसात येईल," बंधू म्हणाले. ते खरेच होते.

"कोरी नको," मातोश्री म्हणाल्या. "घर काय जन्मभर असं राहणार नाही, ते मलाही कळतं. पण सह्या करायच्या त्या याच कागदांवर करा. तिघांनी बसून पाठपोट वाचा, आणि मग करा."

पुढचा पाडवा १३ एप्रिल २०२१ ला आला. संवत्सराचे नाव प्लव, म्हणजे तराफा. साथ पुन्हा उसळली होती. गुढीचे दर्शन सर्वांनी आपापल्या गावाहून मोबाईलवर घेतले. घरात पुन्हा तीनच माणसे होती, आणि सौ.ने सवयीने नऊ माणसांचा भात टाकला होता. तो आम्ही तीन दिवस फोडणी देऊन खाल्ला. २०२३ साली अधिक श्रावण आला. कलमाप्रमाणे सारी मंडळी महिनाभर यावयाची. प्रत्यक्षात तीस दिवसांपैकी अकरा दिवस आली. त्या अकरा दिवसांत दोन भांडणे झाली, एक ताट फुटले, आणि छपराच्या डागडुजीचा खर्च तिघांत वाटून घेण्याचे ठरले.

कागद देवघराच्या खणात आहेत. सह्या झालेल्या नाहीत. कधीतरी होतील, आणि त्या तीन असतील. मात्र यादीच्या तळाशी, ५३ व्या कामाखाली, निघण्याच्या दिवशी कोणीतरी पेन्सिलीने एक ओळ वाढवली आहे. अक्षर सौ.चे आहे, ती नाही म्हणते. '५४. दुपारी चारचा चहा - पुरुषांनी करणे.' चार वाजत आले आहेत, सबब येथेच थांबतो.